‘माझ्या लेकराला पाणी पाजलं का गं?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात : बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या पोलीस पाटील ताईंनी हे लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मागच्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत, बांधाच्या वादातून, भावकीतल्याच दोघांनी गावातल्या एका तरुणावर कोयत्यानं वार केले. खबर मिळताच ताई शेतात पोचल्या. माणसं जमली होती, पण सगळी लांब उभी. ताईंनी 112 आणि 108 ला फोन लावले, एकाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि जखम दाबून धरली. मुलगा शुद्धीवर होता. त्यानं मारणाऱ्यांची नावं सांगितली आणि पुन्हापुन्हा पाणी मागितलं. कुणीतरी बाटली पुढं केली, पण गंभीर जखमीला पाणी पाजायचं नसतं हे ताईंनी एका प्रशिक्षणात ऐकलेलं. त्यांनी बाटली परत केली, पदर ओला करून त्याचे ओठ तेवढे पुसले. रुग्णवाहिका यायच्या आत तो गेला.

ताईंचा जबाब झाला, दोषारोपपत्र दाखल झालं, खटला अजून उभा राहायचा आहे. मुलाची आई मात्र रेशन दुकानात, गिरणीत, देवळात, दिसेल तिथं एकच विचारते : ‘‘माझ्या लेकराला पाणी पाजलं का गं?’’ दहाव्याला कावळा लवकर शिवला नव्हता, तेव्हापासून तिच्या मनात हेच आहे. एकदा ताई बोलून गेल्या, ‘‘काकू, तो बेशुद्धच होता.’’ तेव्हापासून त्या तिला चुकवतात. रात्री तीनला जाग येते, टॉवेल पिळताना हात थरथरतात, पाहुण्यानं ‘पाणी द्या’ म्हटलं तरी छातीत धडधडतं. नवऱ्यानं मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या आणून दिल्यात आणि तो राजीनामा दे म्हणतो. ताई विचारतात, ‘‘आईला खरं सांगू, की आहे तसंच राहू देऊ? माझं तर कुणी गेलेलं नाही, मग मला हे का व्हावं? आणि हे पद सोडू का?’’

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांतला मधला मी आधी घेते. तो सुटल्याशिवाय बाकीच्या दोघांना हात घालण्यात अर्थ नाही.

‘माझं तर कुणी गेलेलं नाही’ असं तुम्ही लिहिलंत. या दुःखावर पहिला हक्क त्या आईचा आहे, हे कुणीही मान्य करील. पण तुम्ही त्याच्या पुढं गेलात. आपल्याला त्रास व्हायचाही हक्क नाही, असं तुम्ही स्वतःच ठरवून टाकलंत. शरीर नातं विचारून घाबरत नसतं. एक तरणाताठा मुलगा तुमच्या हाताखाली गेला, गरम रक्त तुमच्या बोटांमधून वाहिलं, आणि तेवढा वेळ अख्खं गाव लांब उभं होतं. रात्री तीनची जाग, ठरावीक वस्तू किंवा शब्द समोर आला की उठणारी धडधड, शेताची ती वाट आणि ती आई टाळणं, या साऱ्याला मानसोपचारात आघातोत्तर ताण म्हणतात. शहरात पीटीएसडी म्हणतात तो हाच. पत्रावरून निदान करायचं नसतं, ते डॉक्टर करतील. पण असा त्रास महिन्याच्या पुढं गेला तर आपोआप ओसरायची वाट पाहू नये, असा साधा दंडक आहे. तुमचं तर वर्ष होत आलं.

1980 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं हा आजार आपल्या यादीत घेतला, तेव्हा डोळ्यांपुढं प्रामुख्यानं व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक होते. 2013 च्या सुधारित यादीत, मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे आणि अशा घटनांचे तपशील कामाचा भाग म्हणून पुन्हापुन्हा ऐकणारे, पाहणारे पोलीस यांचा स्पष्ट उल्लेख आला. म्हणजे ‘ज्याचं माणूस गेलं त्यालाच त्रास’ ही समजूत शास्त्रानं कधीच सोडली, आपण अजून धरून बसलोय. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वाचलेली माणसं छताखाली झोपायला धजावत नव्हती, हे लातूर-धाराशिवकडं आजही सांगतात. ढिगारे उपसून प्रेतं बाहेर काढणाऱ्यांना झोप लागत होती का, हे सांगणारं मात्र क्वचित कुणी भेटतं. उपसणाऱ्या हातांची चौकशी करायची आपल्याला सवयच नाही.

त्यात तुमचं पद अवघड. हवालदार पंचनामा उरकून ठाण्यात जातो, बदली झाली की ते गावही सुटतं. रुग्णवाहिकेतला डॉक्टर दुसऱ्या कॉलवर निघून जातो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 नं पोलीस पाटलावर खबर देण्याची, तपासाला मदत करण्याची जबाबदारी टाकली. ती पार पाडून तुम्ही जाणार कुठं? तुमचं घर तिथंच, त्या आईचं घर तिथंच, आणि आरोपींच्या घरच्यांचंही तिथंच. दळण टाकायला गिरणी एकच.

आता पाण्याचं बोलू. हे मी सावकाश लिहिते, तुम्हीही सावकाश वाचा, आणि पटेपर्यंत पुन्हा वाचा.

रक्त फार गेलं की शरीरातलं पातळ कमी होतं आणि मेंदू तहानेची हाक देतो. जखमी माणूस म्हणूनच पाणी मागतो. पण पोटात गेलेलं पाणी गेलेल्या रक्ताची जागा घेत नाही. त्याला गरज होती रक्तस्राव थांबवण्याची आणि शिरेतून रक्त, सलाईन मिळण्याची. अशा माणसाची शुद्ध कधीही हरपू शकते, गिळण्याची ताकद जाते, मग पाजलेलं पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. उलटी झाली तर तीही. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भूल देताना पोट रिकामं लागतं. म्हणून गंभीर जखमीला तोंडानं काही द्यायचं नाही, ओठ ओले करायचे, जखम दाबून धरायची, असं शिकवतात. तुम्ही नेमकं तेवढंच केलंत. तो जगेल असं धरून केलंत. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, जगवायच्या माणसाला ते रोखून धरावं लागतं. तुम्ही शेवटपर्यंत त्याला जगवायच्या बाजूनं होतात.

हे वाचून अपराधी वाटणं लगेच जाणार नाही, याची मला कल्पना आहे. रात्री तीनला शास्त्र आठवत नाही, त्याचा आवाज आठवतो. म्हणून आईकडं जाण्याआधी तुम्ही स्वतःसाठी मदत घ्या. हा क्रम उलटा करू नका. आज त्या अवस्थेत तिच्यापुढं बसलात तर तुम्हीच कोसळाल आणि ज्या माउलीचं लेकरू गेलं तिच्यावर तुमची समजूत काढायची वेळ येईल.

सुरुवात फोनवरून करा. केंद्र सरकारची टेली मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनला जाग आली की कूस बदलत पडण्यापेक्षा तो नंबर फिरवा, त्यासाठीच तो आहे. पुढं डॉक्टर लागले तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. लातूर, नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातही आहे. जिल्हा रुग्णालयातही विचारा. तिथं ‘आघातावरची थेरपी’ मिळेल का, असं स्पष्ट विचारा. या उपचारात घटना एका दमात ओकून टाकायची नसते. जाणकार माणसासोबत थोडीथोडी आठवण उघडून, तिच्यातली भीती आणि ‘माझ्यामुळं झालं’ हा निष्कर्ष दोन्ही तपासतात. सरसकट सगळ्यांना घटनेनंतर लगेच बसवून सारं एकदाच बोलून घेतलं की पुढचा त्रास टळतो, अशी एक समजूत होती. तपासल्यावर ती टिकली नाही. बोलायची वेळ आणि वेग तुमचाच असू द्या.

मेडिकलवरच्या गोळ्यांचं एकच सांगते. डॉक्टरला न विचारता आणलेल्या झोपेच्या गोळ्या बाजूला ठेवा. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणासाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्येच सांगितलंय. वर्षानंतर त्यांची सवय जडण्याचीच भीती जास्त. पण रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, गोळ्यांचं पाकीट डॉक्टरला दाखवा.

गावात ‘पाटलीण येडी झाली’ म्हणतील आणि कोर्टात वकील तेच वाक्य धरेल, ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नं उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केलाय. आणि मानसोपचार घेतले म्हणून साक्ष बाद होत नाही. प्रश्न समजतो आणि त्याचं नीट उत्तर देता येतं, एवढं कायदा साक्षीदाराकडं मागतो. रात्ररात्र जागलेला साक्षीदार उलटतपासणीत गडबडतो, झोपलेला कमी गडबडतो.

आता त्या आईकडं येऊ.

तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्यात. खरं कळलं तर ती मोडेल, आणि ‘बेशुद्ध होता’ म्हटल्यानं तिला शांती मिळाली. शांती मिळाली असती तर तिनं पुन्हा विचारलं असतं का? तिचा तुमच्या उत्तरावर विश्वास बसलेला नाही. त्या दिवशी शेतात वीस माणसं होती. बाटली कुणी दिली, कुणी परत केली, हे कुजबुजत का होईना तिच्यापर्यंत पोचलं असणारच. ती तुमच्या तोंडून ऐकायला थांबलीय. आणि तुम्ही तिला पाहून वाट बदलता तेव्हा तिला काय वाटत असेल? ‘ही काहीतरी लपवतेय’, यापेक्षा वेगळं काय वाटणार?

कुणी म्हणेल, दोन घोट पाजले म्हणून सांग आणि मोकळी हो, म्हातारीचा जीव शांत होईल. मला हा मोह समजतो. माझं उत्तर तरीही नको असंच आहे, आणि त्यामागं नीतीपेक्षा व्यवहार जास्त आहे. तुमच्या जबाबात तो शुद्धीवर होता, नावं घेतली, पाणी मागितलं, असं नोंदलेलं आहे. मरणाऱ्यानं आपल्या मरणाच्या कारणाबद्दल सांगितलेलं तोंडी असलं तरी पुरावा म्हणून धरलं जातं, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 26 तेच सांगतं. या खटल्यात ते शब्द ऐकणारी साक्षीदार तुम्ही आहात. उद्या बचावाचा वकील विचारणार, ‘तुम्ही तर त्याच्या आईला तो बेशुद्ध होता म्हणालात, मग नावं कशी घेतली?’ आणि ती आई तिथंच मागच्या बाकावर बसलेली असणार. ‘जखमी पाणी मागत असताना तुम्ही बाटली परत केलीत ना?’ हा प्रश्न तिनं पहिल्यांदा एका परक्या माणसाच्या तोंडून, भर कोर्टात ऐकावा का? दया म्हणून बोललेलं वाक्य तिला तिथं वैरासारखं लागेल. त्याआधीही कळू शकतं, कारण पीडित कुटुंबानं वकील दिला असेल तर फौजदारी खटल्यांच्या नव्या कायद्यानुसार, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, दोषारोपपत्राची प्रत त्यांनाही मिळते.

म्हणून आधी सरकारी वकिलांना भेटा. आईला काय बोलून गेलात ते त्यांना जसंच्या तसं सांगा, आणि आता खरं सांगायचंय हेही सांगा. त्यांनी थांबायला सांगितलं तर कारण विचारा आणि तेवढं थांबा. आईशी बोलताना कुणी कुठं मारलं, कोण काय म्हणालं, यात शिरू नका. तीही साक्षीदार असू शकते आणि दोघींनी साक्ष जुळवली असा आरोप व्हायला नको. कोर्टात कुणी विचारलंच, ‘तुम्ही तिच्याशी बोललात का’, तर हो म्हणा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिच्या घरी जा, दिवसाउजेडी, तिची मुलगी किंवा बहीण घरात असेल अशा वेळी. रस्त्यात, गिरणीत नको. वर्षश्राद्धाला, सणाला नको. बसल्याबसल्या पहिलं वाक्य हेच येऊ द्या : ‘‘काकू, मागं मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो शुद्धीवर होता.’’ मग त्यानं पाणी मागितलं ते सांगा. का पाजलं नाही ते दोन वाक्यांत सांगा, डॉक्टरी भाषण करू नका. मग पदर ओला करून ओठ पुसल्याचं सांगा. हे तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंत, जणू त्याचा काही हिशेबच नाही. तिच्यासाठी त्या अर्ध्या ओळीला फार किंमत असेल. त्याच्या ओठांना पाणी लागलं होतं, आणि जीव जाईपर्यंत एक बाईमाणूस त्याच्याजवळ बसलेलं होतं, हे तिला आजवर कुणीच सांगितलेलं नाही. कावळ्याच्या गोष्टीवर वाद घालू नका, अंधश्रद्धा वगैरे तर मुळीच काढू नका. जखमांचे तपशील तिनं विचारले तरच, आणि विचारले तेवढेच. ‘लई तळमळला का?’ असं विचारलं तर ‘हो, त्रास झाला, फार वेळ नाही’ असं जे खरं असेल ते सांगा. खरं नसेल ते सांगू नका.

मग गप्प बसा. ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा ‘पाणी मागणाऱ्याला पाजलं नाहीस, तुझं वाटोळं होईल’ असंही म्हणेल. याची तयारी ठेवून जा. तिनं ज्यांच्यावर रागवायचं ते आरोपी जेलच्या भिंतीआड आहेत, तारखा लांब आहेत, समोर फक्त तुम्ही आहात. तो राग आला म्हणजे तुमचं चुकलं असं होत नाही. क्षमेची अपेक्षा धरून जाऊ नका. कदाचित ती महिनाभर बोलणार नाही आणि मग एके दिवशी पुन्हा तेच विचारील. पुन्हा तेच खरं सांगा, त्याच शब्दांत.

खून झालेल्या घराचं दुःख साध्या मृत्यूसारखं वाहून जात नाही, याचं एक कारण म्हणजे ते कुणी शांतपणे करूच देत नाही. प्रेत शवविच्छेदनानंतर मिळतं, अंत्यविधीला पोलीस उभे, मागून ‘त्यानंच काहीतरी केलं असेल’ अशी कुजबुज, आणि प्रत्येक तारखेला खपली निघते. त्या घरी पाण्याच्या उत्तराखेरीजही तुम्ही काही घेऊन जाऊ शकता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली अशा कुटुंबाला भरपाई मागता येते, तिथला अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जातो. निकालाआधीही अंतरिम मदत मागता येते. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर 15100. सरकारी वकिलांना साथ द्यायला स्वतःचा वकील देण्याची परवानगीही कोर्टाकडं मागता येते. आरोपींच्या भावकीकडून दडपण येत असेल, त्यांच्यावर किंवा तुमच्यावर, तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, त्यासाठी अर्ज लेखी करा. आणि त्या घरातल्या मुलीकडं लक्ष ठेवा. सगळे आईला भेटायला येतात, कॉलेजला जाणाऱ्या बहिणीला कुणी विचारत नाही. तिनं कॉलेज सोडलं, जेवण सोडलं, किंवा ‘जगून काय करायचं’ असं कुणीही, तुम्हीसुद्धा, मनात आणलं, तर त्याच दिवशी 14416 किंवा दवाखाना. उद्यावर टाकू नका.

हे वाचणाऱ्यांत रुग्णवाहिकेचे पायलट, म्हणजे चालक, असतील, होमगार्ड असतील, शवविच्छेदनगृहात काम करणारे असतील, विहिरीतून प्रेतं काढायला ज्यांना हाक मारतात ती पोरं असतील. तुमच्यासाठी थोडं. घटनेनंतरचे आठ दिवस वेळेवर जेवा, आणि एकटे राहू नका, कुणाजवळ तरी बसा, बोललात नाही तरी चालेल. त्या रात्री झोपेसाठी घेतलेली दारू झोप मोडते आणि मग रोज लागते, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना पाहून तुम्हालाही ठाऊक आहे. मोबाईलमधले घटनेचे फोटो, व्हिडीओ पुरावा म्हणून तपास अधिकाऱ्याला द्या, त्यांना विचारून मोबाईलमधून काढा, आणि ग्रुपवर तर टाकूच नका. ते त्या घरातल्या लेकरांच्या मोबाईलवर पोचतात. साहेब लोकांनी एवढं करावं : खुनाच्या जागेवरून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तशाच जागी पाठवायच्या आधी, झोप झाली का, एवढं विचारावं.

राहिला राजीनामा. तुमच्या नवऱ्याला तुमची काळजी आहे म्हणून तो म्हणतो, त्याच्यावर रागावू नका. त्याला हे पत्र वाचून दाखवा, आणि पहिल्या वेळी दवाखान्यात सोबत न्या. पण आत्ता, झोप उडालेली असताना, पद सोडायचा निर्णय घेऊ नका. पद सोडल्यानं समन्स थांबणार नाही, ते तुमच्या नावानं येईल. उपचार सुरू होऊन तीन-चार महिने जाऊ द्या, तुमची साक्ष होऊ द्या. त्यानंतरही गावात फोन वाजला की पोटात गोळा येत असेल तर खुशाल सोडा. तोवर तहसीलदारांना किंवा ठाण्याच्या साहेबांना लेखी विनंती करा की प्रकृतीच्या कारणानं काही महिने मयताच्या पंचनाम्यांना शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना बोलवावं. अर्जात आजाराचं नाव लिहायची गरज नाही, डॉक्टरांचा दाखला जोडला की पुरे. अर्जाची पोच मात्र घ्या.